घरच्या स्टोरेज सर्व्हरच्या हार्ड डिस्क: डेटा चढवण्याआधीची तपासणी, पुसणी आणि लेबलं

तबकडीवाला

रेड (अनेक डिस्कांचा मिळून एक संच) असो वा झेडएफएस (असाच संच सांभाळणारी फाइल सिस्टिम), एक डिस्क गेली तरी डेटा शाबूत राहतो, म्हणून माणूस निर्धास्त असतो. पुढचं काम मात्र हातानं करायचं असतं: आठ एकसारख्या डिस्कांतून नेमकी गेलेली उपसायची. चुकून शेजारची उपसली तर एक बिघडलेली आणि एक उपसलेली, दोन गेल्या. एकाच पॅरिटीवरचा, म्हणजे एकाच डिस्कची तूट सोसणारा संच तिथेच आडवा. हा घोटाळा टाळायची सोय डिस्क खणात सरकवण्याआधी करावी लागते, म्हणून हा धागा.

क्रम असा: तपासणी, पुसणी, लेबल. लेबल शेवटी, कारण नापास होऊन परत जाणाऱ्या डिस्कवर आपली चिकटपट्टी कशाला? तोवर मास्किंग टेपचा तुकडा आणि पेन्सिल पुरते. (लिनक्सच्या आज्ञा इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलात त्या रोमनच टंकायच्या हे वेगळं सांगायला नको.)

थंड जागेतून आलेली डिस्क पिशवी न फोडता काही तास खोलीत राहू द्या, नाहीतर दव धरतं. अँटिस्टॅटिक पिशवीवर ठेवून डिस्क चालवू नका. पिशवीचा बाहेरचा थर किंचित वीजवाहक असतो आणि डिस्कच्या पोटाशी सर्किट बोर्ड उघडा असतो.

जोडल्यावर पहिलं काम म्हणजे स्मार्टसीटीएल -एक्स (डिस्कची स्वतःची आरोग्यनोंद, म्हणजे स्मार्ट, वाचणारी आज्ञा) हिचा सगळा निकाल सीरियल नंबरच्या नावानं फाइलमध्ये साठवणं. तपासणीआधीचे आकडे हातात नसतील तर तपासणीनंतरच्या आकड्यांना अर्थ राहत नाही. मग शॉर्ट टेस्ट, सुमारे २ मिनिटं. ती पास झाली की लाँग टेस्ट; मोठ्या डिस्कला यात अर्धा दिवस ते दीड दिवस जातो. लाँग टेस्ट फक्त वाचते, लिहीत नाही. म्हणून त्यानंतर बॅडब्लॉक्स (लिहून-वाचून खराब जागा शोधणारी आज्ञा) -डब्ल्यूएसव्ही -बी ४०९६. यातला डब्ल्यू डिस्कवरचं सगळं उडवतो, तेव्हा एंटर दाबण्यापूर्वी सीरियल नंबर पुन्हा एकदा ताडून पाहा. बॅडब्लॉक्स चार साचे लिहितं, एए, ५५, एफएफ आणि शेवटी ००, आणि प्रत्येक साचा परत वाचून बघतं. म्हणजे एकूण आठ फेऱ्या. १२ टीबीची डिस्क सरासरी १९० एमबी प्रति सेकंद धरली तर एका फेरीला साडेसतरा तास, आठ फेऱ्यांना जवळपास सहा दिवस. हे टीमक्स किंवा स्क्रीनमध्येच (जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणारे प्रोग्राम) चालवा. नाहीतर लॅपटॉप झोपला की एसएसएच (सर्व्हरशी दुरून केलेली जोडणी) तुटतं आणि चौथ्या दिवशी पुन्हा श्रीगणेशा.

मग पुन्हा लाँग टेस्ट आणि पुन्हा स्मार्ट. नव्या डिस्कच्या ५, १९७ किंवा १९८ या रकान्यांत (बदललेले, शंकास्पद आणि न वाचता येणारे सेक्टर, म्हणजे साठवणीचे छोटे तुकडे) शून्याखेरीज काहीही दिसलं तर डिस्क परत. "एकच तर सेक्टर आहे" हा युक्तिवाद जुन्या डिस्कला एक वेळ चालेल, नव्या डिस्कला नाही. १९९ वाढला असेल तर डिस्कला दोष देण्याआधी केबल बदला. तो सीआरसी चुकांचा आकडा आहे, म्हणजे वाटेतली गडबड. एकदा चढलेला १९९ कधी उतरत नाही, म्हणून तो शून्य आहे की नाही यापेक्षा वाढतोय का हे बघायचं. त्यासाठीच आधीचा आकडा टिपून ठेवायचा.

सीगेटच्या डिस्कांत १ आणि ७ या रकान्यांत (वाचनातल्या आणि जागा शोधण्यातल्या चुका) कोटींतले आकडे दिसतील. घाबरू नका. तो ४८ बिटांचा जोडआकडा असतो: वरच्या १६ बिटांत चुका, खालच्या ३२ बिटांत एकूण कामं.

शून्यभार

उत्तम धागा. एक भर. १८ टीबी आणि त्यापुढच्या डिस्कांवर ही आज्ञा सुरूच होत नाही, ३२ बिटांच्या मर्यादेची तक्रार करून थांबते. बॅडब्लॉक्स ब्लॉकचा क्रमांक ३२ बिटांत मोजतं, आणि ४०९६ बाइटच्या ब्लॉकनं ही मोजणी १७.५९ टीबीला संपते. -बी ८१९२ द्या, चालतं. काहीच न देता चालवलं तर ब्लॉक १०२४ धरला जातो, मग ४.४ टीबीलाच अडतं.

कानस

बॅडब्लॉक्सची एक गोम आहे. ते सगळीकडे एकच साचा लिहितं. डिस्कनं १० टीबीच्या पत्त्यावरचं लिखाण चुकून २ टीबीच्या पत्त्यावर टाकलं, तर वाचताना दोन्हीकडे एएच दिसेल आणि डिस्क पास होईल. खोट्या क्षमतेची डिस्क अशीच निसटते.

त्यापेक्षा क्रिप्टसेटअपनं (डिस्क कूटबद्ध करणारी आज्ञा) डिस्क प्लेन प्रकारात, कुठलीही यादृच्छिक किल्ली देऊन उघडा. मॅपरखाली जे उपकरण दिसेल त्यावर डीडीनं शून्यं भरा, एका वेळी १ एमबी. भरून झालं की सीएमपीनं ते उपकरण /डेव्ह/झीरोशी (नुसती शून्यं पुरवणारी फाइल) ताडा. कूटबद्ध झाल्यामुळे प्रत्यक्ष डिस्कवर प्रत्येक सेक्टरमध्ये वेगळा मजकूर पडतो, म्हणून पत्त्यांची अदलाबदल लगेच उघडी पडते. सीएमपी शेवटी "फाइल संपली" म्हणून थांबलं आणि सांगितलेली बाइट-संख्या डिस्कच्या आकाराइतकी असली तर पास. मध्येच फरक दाखवला तर नापास. फेऱ्या दोनच, म्हणजे १२ टीबीला दीड दिवस. प्रोसेसरमध्ये एईएसच्या (कूटबद्ध करण्याच्या) सूचना असल्या की वेग डिस्कचाच राहतो.

तबकडीवाला

@कानस, हे मूळ धाग्यात असायला हवं होतं. घाई असेल त्यांनी कानस यांची रीत वापरावी. डिस्क वापरलेली असेल तर मी तरी चारही साच्यांच्या बाजूनं आहे. सुरुवातीलाच मरणाऱ्या डिस्का बाहेर काढायच्या असतील तर सहा दिवसांचं सलग काम उपयोगी पडतं. या काळात समोर पंखा हवाच. उघड्यावर टेबलावर ठेवलेली डिस्क सहज ५० अंशांच्या वर जाते. ४५ च्या आत ठेवा.

आणि शक्यतो तपासणी यूएसबीच्या खोक्यात करू नका. काही खोक्यांची चिप सीरियल नंबर स्वतःचाच सांगते. काही चिप ५१२ बाइटचे सेक्टर ४०९६ चे म्हणून दाखवतात, मग तिथे केलेली विभागणी साटाला (सर्व्हरातली डिस्कची नेहमीची जोडणी) जोडल्यावर वाचताच येत नाही. शेवटी ज्या सर्व्हरात, ज्या केबलवर डिस्क राहणार तिथेच तपासली म्हणजे केबल आणि वीजपुरवठाही तपासला जातो.

निंबोणी

नवीन प्रश्न विचारते, हसू नका. यूएसबीच्या खोक्यातून काढलेली डिस्क सर्व्हरात लावली, केबल बदलून पाहिली, पण ती फिरतच नाही. खोक्यात परत घातली की चालते. डिस्क गेली का?

शून्यभार

नाही गेली. साटाच्या वीजजोडणीत १५ पिना असतात, त्यातल्या पहिल्या तिनांवर पूर्वी ३.३ व्होल्ट यायचे. नंतरच्या साटा ३.३ मानकात तिसरी पिन वीज बंद करण्याच्या इशाऱ्यासाठी वापरायला घेतली. पॉवर सप्लाय जुन्या रीतीचा असेल तर तिथे सतत ३.३ व्होल्ट येतात, आणि डिस्क समजते की "बंद राहा" असा हुकूम आहे.

उपाय: कॅप्टन टेपची (उष्णता सोसणारी पॉलिइमाइडची चिकटपट्टी) बारीक पट्टी डिस्कच्या तिसऱ्या पिनेवर. मोजणी डेटाच्या जोडणीकडच्या टोकापासून करायची. पहिल्या तिन्ही झाकल्या तरी ३.५ इंची डिस्कला फरक पडत नाही, उलट पट्टी नीट बसते. साधी सेलोटेप नको, उष्णतेनं तिचा गोंद सुटतो आणि केबल काढताना पट्टी आतच अडकते. मोलेक्सवरून (जुनी चार पिनांची वीजजोडणी) साटा करणारा अडॅप्टरही चालतो, कारण मोलेक्सवर ३.३ व्होल्ट नसतातच. पण तो ओतीव प्लास्टिकचा नको. त्यात तारा एकमेकींना टेकून पेट घेतल्याची उदाहरणं भरपूर आहेत. तारा वेगवेगळ्या दाबून बसवलेला, मागून झाकण उघडता येणारा घ्या.

निंबोणी

पट्टी लावली, फिरली! धन्यवाद. आता लेबलाकडे या.

तबकडीवाला

लेबलाबद्दल माझं मत ठाम आहे: डिस्कवरचं लेबल डिस्कची ओळख सांगतं, पत्ता नव्हे. ओळख म्हणजे सीरियल नंबर. तो कधीच बदलत नाही. एसडीए, एसडीबी ही लिनक्सनं दिलेली नावं तर दर बूटला बदलू शकतात, ती डिस्कवर लिहिणं म्हणजे पाण्यावरची रेघ. पूलचं (झेडएफएसच्या डिस्कसंचाचं) नाव, खण क्रमांक, कंट्रोलरचा पोर्ट, सगळं कधी ना कधी बदलतं, आणि बदललं त्या दिवशी लेबल खोटं बोलायला लागतं. कोऱ्या डिस्कपेक्षा खोट्या लेबलाची डिस्क जास्त घातक.

म्हणून डिस्कवर: सीरियलची शेवटची चार किंवा सहा अक्षरं मोठ्या ठशात, खाली बारीक ठशात क्षमता आणि वापरात घेतल्याचा महिना. बस. सुरुवातीची अक्षरं एका खेपेच्या सगळ्या डिस्कांत सारखीच असतात, त्यांचा उपयोग नाही. शेवटच्या चारांत तुमच्याकडच्या दोन डिस्क जुळत नाहीत ना, हे पाहून मग चार की सहा ते ठरवा.

सीरियल डोळ्यांनी वाचून टंकू नका. शून्य आणि ओ, आठ आणि बी, एक आणि आय यांत हमखास चूक होते. एलएसबीएलकेला (डिस्कांची यादी देणारी आज्ञा) नाव, आकार, मॉडेल, सीरियल आणि डब्ल्यूडब्ल्यूएन (डिस्कचा जागतिक ओळखक्रमांक) हे रकाने मागा, तिथून उचलून लेबलच्या सॉफ्टवेअरात चिकटवा. छापून आलं की डिस्कवरच्या कंपनीच्या स्टिकरशी जुळवा. डब्ल्यूडीच्या (वेस्टर्न डिजिटल) डिस्कांत सॉफ्टवेअर पुढे "डब्ल्यूडी-" जोडून दाखवतं आणि स्टिकरवर ते नसतं, तेवढ्यानं गोंधळू नका. ठसा सारख्या रुंदीचा आणि शून्यावर तिरकी रेघ असलेला निवडा.

फावडं

थोडा विरोध नोंदवतो. खण क्रमांक डिस्कवर लिहिलेला असला तर साफसफाईसाठी सगळ्या बाहेर काढल्यावर परत लावायला बरं पडतं. माझ्या मते दोन्ही लिहावं.

कानस

@फावडं, परत लावताना क्रम चुकला तरी झेडएफएस आणि एमडीला (लिनक्सचं सॉफ्टवेअरमधलं रेड) काही फरक पडत नाही, दोन्ही डिस्कवरच्या खुणा वाचून संच जुळवतात. फरक पडतो तो माणसाला. त्यासाठी खण क्रमांक खणावर लिहा, म्हणजे पिंजऱ्याच्या पत्र्यावर. ट्रेवरही नको, कारण ट्रे अदलाबदल होतात. कुठल्या खणात कुठली सीरियल हे तिसऱ्या जागी, नकाशावर. डिस्क हलवली की फक्त नकाशा बदलायचा.

फावडं

ट्रेचं पटलं. क्रमांक पत्र्यावर हलवतो.

तबकडीवाला

जागा आणि सामान. ३.५ इंची डिस्कची जाडी २६.१ मिमी, त्यामुळे कडेवर १२ मिमीची पट्टी आरामात बसते. कुठल्या कडेवर? सर्व्हर न उचकटता जी दिसते तिच्यावर. पुढून सरकणारा ट्रे असेल तर जोडणीच्या उलट बाजूच्या कडेवर. बंद पिंजऱ्यात केबली तुमच्या बाजूला येत असतील तर केबल लावल्यावरही उघडा राहणारा भाग शोधून तिथे. आधी रिकामी डिस्क सरकवून पाहा, लेबल नंतर.

वरच्या झाकणावर हवेचं छोटं भोक असतं आणि झाकू नका अशी सूचना शेजारीच छापलेली असते. आतला आणि बाहेरचा हवेचा दाब समान राहावा म्हणून ते असतं, त्यावर काहीही चिकटवायचं नाही. हीलियम भरलेल्या डिस्क सीलबंद असतात, त्यांना ते भोक नसतं. तरी कंपनीचं स्टिकर आणि बारकोड झाकू नका, वॉरंटीच्या वेळी तेच बघतात. सर्किट बोर्डाच्या बाजूला लेबल नको.

पावतीसारखा उष्णतेनं उमटणारा कागद अजिबात नको. उबदार जागेत तो वर्ष-दोन वर्षांत फिका किंवा करडा पडतो, आणि लेबल वाचायची गरज पडते ती बरोबर त्यानंतर. वरून पारदर्शक थर असलेली लॅमिनेटेड पट्टी घ्या, ब्रदरच्या टीझेडई प्रकारची किंवा तत्सम. कडेवर आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा, वाळू द्या, मग लावा. पट्टीची टोकं गोलसर कापली तर ट्रेला घासून उचकटत नाहीत.

केबलींनाही क्रमांक द्या, दोन्ही टोकांना, झेंड्यासारखी पट्टी दुमडून. एका जोडणीतून चार साटा फुटणारी केबल असेल तर हे सक्तीचं समजा. तिच्यावर छापलेल्या पी१ ते पी४ चा क्रम आणि सॉफ्टवेअरला दिसणारा क्रम जुळेलच असं नाही.

शून्यभार

आता सॉफ्टवेअरमधली लेबलं. झेडएफएस पूल बनवताना /डेव्ह/डिस्क/बाय-आयडीतली नावं वापरा. म्हणजे झेडपूल स्टेटस थेट मॉडेल आणि सीरियल दाखवतो आणि ती डिस्कवरच्या पट्टीशी जुळते. पूल आधीच एसडीए वगैरे नावांनी बनला असेल तर एक्सपोर्ट करून -डी /डेव्ह/डिस्क/बाय-आयडी देऊन इंपोर्ट करा, डेटाला धक्का लागत नाही. वाटल्यास व्हीडेव्ह_आयडी.कॉन्फ या फाइलीत टोपणनावं देता येतात. पण टोपणनावातही सीरियलची शेवटची अक्षरं ठेवा.

एमडी, बीटीआरएफएस किंवा साध्या एक्स्ट४ साठी जीपीटीचं (डिस्कवरचा विभागांचा तक्ता) विभागनाव सोयीचं. एसजीडिस्क -सी १:नाव. यात ३६ अक्षरं मावतात. दोन डिस्कांवर एकच नाव दिलंत तर बाय-पार्टलेबलमध्ये एकच खूण उरते, आणि ती कुणाची हे नशिबावर. डीडीनं एका डिस्कची दुसरीवर नक्कल केली असेल तर नाव आणि जीयूआयडी (तक्त्यातले ओळखक्रमांक) दोन्ही दुहेरी होतात. एसजीडिस्कच्या मोठ्या -जीनं नवे जीयूआयडी पाडून घ्या.

फाइल सिस्टिमची लेबलं आखूड असतात: एक्सएफएस १२ बाइट, एक्स्ट४ १६ बाइट. गंमत म्हणजे देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं आणि काना, अनुस्वार वेगळे मोजले जातात. "भांडार" होतं १८ बाइट, एक्स्ट४ मध्ये मावत नाही. "कोठी" मावतं.

निंबोणी

पुसणीचं राहिलं. माझ्या दोन डिस्क जुन्या एका रेडमधल्या आहेत. जोडल्या की एमडी१२७ नावाचं काहीतरी आपोआप उगवतं आणि डिस्क "वापरात आहे" म्हणून विभागणी करू देत नाही.

कानस

जुन्या रेडच्या खुणा उरल्यात. आधी एमडीअॅडमनं (एमडी सांभाळणारी आज्ञा) एमडी१२७ थांबवा. मग ज्या विभागावर खूण आहे त्यावर --झीरो-सुपरब्लॉक. नंतर वाइपएफएस -ए, आधी विभागांवर, मग अख्ख्या डिस्कवर. शेवटी एसजीडिस्क --झॅप-ऑल.

नुसती सुरुवातीची काही एमबी शून्यांनी भरून भागत नाही. जीपीटीची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते. झेडएफएस २५६ केबीची चार लेबलं ठेवतं, दोन पुढे आणि दोन मागे. एमडीच्या ०.९० आणि १.० या प्रकारांची खूण शेवटाकडे, १.२ ची सुरुवातीपासून ४ केबीवर. झेडएफएसची डिस्क असेल तर झेडपूल लेबलक्लिअर. बॅडब्लॉक्सचे चारही साचे पूर्ण केले असतील तर हे काहीच करावं लागत नाही, शेवटचा साचा शून्यांचाच असतो.

विभागणी १ एमबीवर सुरू करा आणि शेवटी १००-२०० एमबी मोकळी सोडा. आता कंपन्या सेक्टरांची संख्या एकाच सूत्रानं ठरवतात, ८ टीबी म्हणजे १५,६२,८०,५३,१६८ सेक्टर. पण एखाद्या कंट्रोलरनं शेवटी स्वतःसाठी जागा राखली असेल तर बदली डिस्क थोडक्यासाठी छोटी पडते आणि संच तिला घेत नाही. झेडएफएस पूल असेल तर अॅशिफ्ट १२ (म्हणजे ४०९६ बाइटचा सेक्टर) स्वतः द्या. ५१२ सांगणाऱ्या बहुतेक डिस्क आतून ४०९६ च्याच असतात, आणि अॅशिफ्ट नंतर बदलता येत नाही.

फावडं

वापरलेल्या डिस्क घेणाऱ्यांसाठी: स्मार्टमधले तास पुसता येतात. २०२५ च्या सुरुवातीला सीगेटच्या वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं प्रकरण बाहेर आलं, ते स्मार्टचे तास आणि फार्म या सीगेटच्या स्वतःच्या नोंदीतले तास जुळत नव्हते म्हणूनच. स्मार्टमॉनटूल्स ७.४ पासून स्मार्टसीटीएल -एल फार्म चालतं, फक्त सीगेटवर. दोन्ही आकडे शेजारी ठेवा.

आणि एसएमआर (एकमेकींवर चढणाऱ्या पट्ट्यांत लिहिणाऱ्या) डिस्क टाळा. २०२० मध्ये डब्ल्यूडीच्या 'रेड' नावाच्या मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही मॉडेलांत एसएमआर असल्याचं उघड झालं, तेव्हापासून त्यांच्या सीएमआर (सुट्या पट्ट्यांत लिहिणाऱ्या) डिस्क रेड प्लस नावानं येतात. एसएमआर डिस्क सलग लिखाणात बरी वाटते, पण झेडएफएसच्या पुनर्बांधणीत तिची पार दमछाक होते. फिरती डिस्क ट्रिम (रिकामी झालेली जागा डिस्कला कळवण्याची सोय) चालतं असं सांगत असेल तर संशय घ्यावा.

शून्यभार

तपासणीतच आणखी एक बघायचं: स्मार्टसीटीएल -एल एससीटीईआरसी. खराब सेक्टरवर डिस्क किती वेळ झगडते याची मर्यादा. ७०,७० दिलं की ७ सेकंद, कारण मोजणी दशांश सेकंदात आहे. डेस्कटॉपच्या पुष्कळ डिस्कांत ही सोयच नसते. त्या मिनिट-दोन मिनिटं झगडतात आणि लिनक्सचा कर्नल ३० सेकंदांत कंटाळून डिस्कचा दुवा रीसेट करतो. मग एका खराब सेक्टरपायी अख्खी डिस्क संचाबाहेर. अशा डिस्कांसाठी कर्नलची वाट पाहण्याची मुदत १८० सेकंद करा. दोन्ही गोष्टी वीज गेली की विसरल्या जातात, म्हणून बूटच्या वेळी चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये टाका.

स्क्रूंबद्दल एक ओळ: ३.५ इंचीला ६-३२ चे, २.५ इंचीला एम३. मोठ्या क्षमतेच्या नव्या डिस्कांत मधली भोकं नसतात, ट्रे घेण्याआधी बघा.

निंबोणी

नकाशा नेमका कसा ठेवायचा? आणि डिस्क खरंच गेली की उपसायच्या आधी खात्री कशी करायची?

तबकडीवाला

साधा तक्ता पुरे. रकाने: खण, केबल, पूर्ण सीरियल, मॉडेल, कारखान्याची तारीख, वापरात घेतल्याची तारीख, वॉरंटीचा शेवट, तपासणीनंतरचे ५, १९७, १९८, १९९. छापील प्रत सर्व्हरच्या झाकणाच्या आतून चिकटवा आणि दुसरी प्रत सर्व्हरवर सोडून कुठेही ठेवा. बंद पडलेल्या सर्व्हरचा नकाशा त्याच सर्व्हरवर असण्यात काय हशील?

खात्री अशी. स्टेटसमधून गेलेल्या डिस्कची सीरियल घ्या. तक्त्यात खण शोधा. डिस्क अजून उत्तर देत असेल तर डीडीनं तिच्यावरून /डेव्ह/नलकडे (आलेलं सगळं फेकून देणारी फाइल) वाचन सुरू करा आणि कुठला दिवा लुकलुकतो ते पाहा. अगदीच मेली असेल तर उलट करा: बाकीच्या सगळ्यांवर वाचन सुरू करा, जी अंधारात राहील ती. दिवेच नसतील तर सर्व्हर बंद करून पट्टी वाचा. हात लावून थरथर ओळखण्याच्या भानगडीत पडू नका, पिंजऱ्यात शेजारची थरथर सगळीकडे लागते. चालू सर्व्हरातून उपसली असेल तर तबकड्या थांबेपर्यंत अर्धा मिनिट ट्रे थोडासाच बाहेर ओढून ठेवा, मग पूर्ण काढा.

रिकामा खण असेल तर बिघडू लागलेली डिस्क आत राहू द्या आणि नवी शेजारी लावून बदली करा. झेडपूल रिप्लेस आणि एमडीअॅडमचं --रिप्लेस दोन्ही जुन्या डिस्कवरून जमेल तेवढं वाचतात, त्यामुळे तेवढा वेळ संच उघडा पडत नाही.

फावडं

काढलेल्या डिस्कवर काय लिहायचं?

कानस

लाल पट्टी आडवी, तारीख आणि कारण आकड्यात: "१९७ = ४८" असं. नुसतं "खराब" लिहिलेली डिस्क सहा महिन्यांनी हातात आली की "बघू तरी" म्हणून परत खणात जाते. राखीव डिस्कला हिरवी पट्टी आणि तपासणीची तारीख. ती तारीख वर्षाहून जुनी झाली तर लावण्याआधी लाँग टेस्ट पुन्हा.